तारमास्तरांची एक जास्तीची बोट

तारमास्तर कोणतीही गोष्ट दोनदा विचारत. "चहा सांगितलंस?" असं विचारून माणूस हो म्हणेपर्यंत थांबत, आणि मग तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारत. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. ऐकू त्यांना चांगलं येत असे. आतल्या खोलीत बसून, बाहेर काउंटरवर मी कुणाशी काय बोलले ते त्यांना शब्दशः माहीत असे. ही सवय त्यांनी तार ऑफिसातून आणली होती. तारेतले आकडे शेवटी पुन्हा एकदा पाठवायचे आणि पलीकडच्याने ते ताडून घ्यायचे, अशी तिथली रीत. तीस वर्षं ती पाळल्यावर ती अंगात मुरली, आणि तारा बंद पडत आल्या तरी ती काही सुटली नाही.

तारा संपत आल्या तसे मास्तर लवकर निवृत्त होऊन आमच्या मच्छीमार सोसायटीत आले. मालवणच्या बंदराजवळ, बर्फाच्या फॅक्टरीला लागून सोसायटीचं कौलारू ऑफिस होतं. मी तिथे लागले ती त्यांच्यानंतर तीनेक वर्षांनी. मी मूळची घाटावरची, कोल्हापूरकडची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून मालवणात आले, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता म्हणून नोकरी मिळाली, आणि त्या सर्टिफिकेटाचा मला फार गर्व होता. तो गर्व पुढे कुणाला किती महाग पडला ते सांगायलाच मी बसले आहे.

ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते. एक आतल्या खोलीत मास्तरांपुढे, एक काउंटरवर माझ्यापुढे. सगळ्या फायली आतल्या मशीनवर असत. दोघांच्या मधून भिंतीला भोक पाडून एक वायर आणली होती, आणि तिच्या आधाराने आतल्या मशीनवरचा कप्पा माझ्या मशीनवर 'झेड ड्राइव्ह' या नावाने दिसत असे. म्हणजे दिसला तर दिसत असे. खारा वारा त्या वायरीच्या टोकांना हिरवा गंज आणी, वीज दिवसातून तीनदा जाई, आणि ती आल्यावर मी माझं मशीन आधी चालू केलं की झेडवर लाल फुली येऊन बसे. मग आतून आवाज येई, "बाय, आतल्याक आदी उठव गो, मगे भायल्याक." मास्तर मला बाय म्हणत. मी बंद करून पुन्हा चालू करी. तरी फुली गेली नाही तर मास्तर स्वतः येत, वायरीचं टोक काढत, खिशातल्या खोडरबराने त्याचे पितळी दात घासत, फुंकर मारत आणि परत बसवत. फुली जाई. माझ्या कोर्समध्ये खोडरबर नव्हता.

माउसला त्यांनी कधी हात लावला नाही. स्क्रीनवरच्या पिवळ्या फोल्डरांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते काळी खिडकी उघडत, तीत 'डिर' ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करत, आणि कप्प्यात काय काय आहे त्याची पांढऱ्या अक्षरांतली यादी वरून खाली वाचत. मग पुन्हा 'डिर'. पुन्हा यादी. एकदा माझ्या स्क्रीनवर फोल्डर उघडा राहिला होता आणि आत फाईल हलवली तरी माझ्याकडे ती जुन्याच जागी दिसत होती. मी म्हटलं, इथे तर आहे की. मास्तर हसले. "ह्यां चित्र आसा. चित्रातली होडी कधी बुडणा नाय. डिर मार, डिर." मी मारला. फाईल तिथे नव्हती.

ही यादी एवढी महत्त्वाची का, ते सांगायला हवं. बोट निघायची ती आमच्याकडून बर्फ आणि डिझेल घेऊन. ती निघाली की मास्तर तिच्या नावाची एक लहानशी फाईल करत आणि 'भायर' नावाच्या फोल्डरात ठेवत. बोट आली की तीच फाईल 'घरात' नावाच्या फोल्डरात हलवत. पूर्वी हेच काम भिंतीवरच्या खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले अडकवून होत असे. मास्तरांनी बिल्ले काढले आणि फायली आणल्या. त्यात एक सोय होती. डिरच्या यादीत प्रत्येक नावासमोर तारीख आणि वेळ येई, म्हणजे बोट कधी निघाली ते कळे. आणि शेवटच्या ओळीत फायलींची संख्या येई, म्हणजे या घटकेला किती बोटी समुद्रात आहेत ते कळे. वारा फिरला, हवामानाचा इशारा आला, की बंदर ऑफिसातून फोन येई, "किती बाहेर?" मास्तर डिर मारत, पुन्हा डिर मारत आणि आकडा सांगत. त्या आकड्यावर शोधाला कोण, किती आणि कुठे जाणार ते ठरे.

मी एकदा विचारलं, दोनच फोल्डर का? विकलेल्या, मोडीत काढलेल्या बोटींसाठी तिसरा करू या. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बोट एक तर भायर आसता, नायतर घरात. तिसरी जागा नाय तिका." त्या किनाऱ्यावर बोटीला 'गेली' असं कुणी म्हणत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. बोट समोरून जाताना दिसत असली तरी विचारणाऱ्याला "भायर आसा" म्हणायचं. बोटीच्या नावावर डिलीट मारायचं नाही, हाही मास्तरांचा नियम होता. विकलेल्या बोटींच्या फायलीसुद्धा 'घरात' पडून होत्या. मला हा सगळा भाबडेपणा वाटे. मनातल्या मनात मी त्यांना तारेच्या जमान्यातला माणूस म्हणून सोडून देई.

आणखी एक रोजची गोष्ट. सकाळी नऊच्या सुमाराला, लिलाव आटोपला की, इंदूवैनी नावाची एक मासेविक्री करणारी बाई डोक्यावरची पाटी उतरवून आतल्या खोलीच्या मागच्या खिडकीशी उभी राही. चाळिशीची असेल. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर पदर, नजर खाली. ती मास्तरांना भावजी म्हणे आणि त्यांच्याकडे थेट कधी पाहत नसे. "भावजींनू, यादी बघितलात?" मास्तर डिर मारत. दोनदा. मग म्हणत, "बघितलंय." ती विचारे, "आसा मां?" मास्तर म्हणत, "आसा." बस. पाटी उचलून ती तारकर्लीच्या रस्त्याला लागे. मला वाटे, तिच्या घरची एखादी बोट असेल, तिची चौकशी करत असेल. मास्तरांचा धाकटा भाऊ समुद्रात गेला होता एवढं मला कुणीतरी सांगितलं होतं. पण त्याच्या बोटीचं नाव माझ्यासमोर कुणी घेतलं नव्हतं, आणि एवढं मोठं कुंकू लावणारी बाई त्याच भावाची बायको असेल हे माझ्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं.

मी लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी, गणपती नुकतेच गेलेले, हवा बिघडली. दुपारी बंदर ऑफिसातून फोन आला. मास्तर जेवायला हात धूत होते म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन त्यांच्या मशीनवर डिर मारला. शेवटच्या ओळीत सात फायली. मी फोनवर सात म्हणणार एवढ्यात मास्तरांनी ओल्या हाताने रिसीव्हर माझ्याकडून घेतला आणि म्हणाले, "सहा. सहाच बोटी बाहेर आहेत." फोनवर ते नेहमी शुद्ध मराठी बोलत.

मी बाहेर काउंटरवर येऊन माझ्या मशीनवर झेडचा डिर मारला. सहा. पुन्हा मारला. सहा. आत सात, बाहेर सहा, आणि फोल्डर तोच.

"मास्तर, तुमच्याकडे सात दाखवतंय," मी दारातून म्हटलं.

"सहाच."

"अहो, मी आत्ता बघितलं. एक बोट माझ्याकडे दिसत नाही. समुद्रात असली आणि तुम्ही सांगितलीच नाही तर?"

"सहाच गो बाय. सातवेचां मी बघतंय."

त्यांनी हे अगदी शांतपणे म्हटलं. बोटीत माणसं असतात. एक माणूस निव्वळ हट्टापायी एका बोटीला यादीबाहेर ठेवतो आहे, असं मला वाटलं. संध्याकाळपर्यंत सहा बोटी आल्या. मी धक्क्यावर जाऊन स्वतः मोजल्या. सातवी आली नाही, आणि सातव्या बोटीची वाट पाहणारं कुणी धक्क्यावर नव्हतंही. मला वाटलं, आज निभावलं, पण मशीनमध्ये दोष आहे आणि तो एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल.

पुढचे काही दिवस मी त्या दोषामागे लागले. आत किती आणि बाहेर किती, कागदावर लिहून ठेवू लागले. अकरा-दहा. चौदा-तेरा. तीन-दोन. फरक नेहमी एकाचाच. झेड तोडून पुन्हा जोडला. वायरीची टोकं घासली, मास्तरांच्याच खोडरबराने. कुडाळहून आमचा मशीनवाला बोलावला. त्याने वायर बदलली, पैसे घेतले आणि फरक होता तसाच ठेवून गेला. मास्तर हे सगळं पाहत होते. एकदा फक्त म्हणाले, "वायरीत काय नाय गो." मला वाटलं, यांना आपली चूक लपवायची आहे. आज वाटतं, त्या वेळी ते सांगणार होते. मी घाईने पुढचं काहीतरी बोलले आणि ते गप्प झाले.

वर्षातून एकदाच मास्तर रजा घेत. वेंगुर्ल्याला त्यांची थोरली बहीण होती, तिच्याकडे एक दिवस राहून येत. त्या दिवशी आतली खोली मला मोकळी मिळाली. दोन्ही मशीनवर यादी काढली, कागदावर उतरवली आणि पेन्सिलीने एकेक नाव जुळवलं. आतल्या यादीत एक नाव जास्त होतं. 'सातेरी'. समोरची तारीख चार वर्षांपूर्वीची, वेळ पहाटेची, आणि फाईल केवढी, तर पाच अक्षरांची.

मग आतल्या मशीनच्या सुरुवातीच्या फाईलमध्ये मला एक ओळ सापडली. तिच्यामुळे त्या मशीनवर नुसतं डिर म्हटलं तरी लपवलेल्या फायलीही दिसत. माझ्या मशीनवर ती ओळ नव्हती. दोष वायरीत नव्हता, झेडमध्येही नव्हता. कुणीतरी ही एक फाईल लपवून ठेवली होती, आणि तिच्यामुळे आकडा एकाने चुकत होता. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, उड्या मारायच्या बाकी होत्या. कुडाळच्या माणसाला जमलं नाही ते मी केलं होतं. सभासदांच्या रजिस्टरात 'सातेरी' शोधली. त्या वर्षीच्या रजिस्टरात नव्हती. जुनं रजिस्टर कपाटाच्या वरच्या खणात होतं, ते काढायला स्टूल लागलं असतं. मी काढलं नाही.

काउंटरवर येऊन मी झेडवर जाऊन ती फाईल पुसायला सांगितली. मशीन म्हणालं, फाईल सापडत नाही. लपवलेली फाईल अशी पुसता येत नाही. मग मी तिचं लपणं काढलं. आता माझ्या यादीतही ती दिसू लागली, दोन्हीकडचा आकडा जुळला. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मला यादी स्वच्छ हवी होती. मी पुन्हा पुसायला सांगितलं. या वेळी ती पुसली गेली. डिर मारून खात्री केली. एकदाच मारला. फाईल उघडून आत काय लिहिलं आहे ते पाहण्याचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, टोपी खुंटीला लावली, आतलं मशीन चालू केलं. त्यांना दोष सापडल्याचं सांगायला मी उतावीळ झाले होते, पण काउंटरवर गर्दी होती. गर्दी सरेपर्यंत नऊ वाजले आणि मागच्या खिडकीशी पाटी टेकल्याचा आवाज आला.

"भावजींनू, यादी बघितलात?"

आतून बटणांचा आवाज आला. तीन अक्षरं. पुन्हा तीन अक्षरं. मी उठून दारात गेले होते. मास्तर स्क्रीनच्या इतके जवळ वाकले होते की चष्मा काचेला लागेल. त्यांचं बोट यादीवरून एकेका नावाखालून सरकत होतं. ते शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि थांबलं.

"आसा मां?" वैनींनी विचारलं.

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "यादीत नाय."

मग पाटी उचलल्याचा आवाज आला. मास्तर वळले आणि मला दारात पाहून त्यांना सगळं कळलं. मी काही सांगायच्या आधीच कळलं.

"तू काडलंस?"

"हो," मी म्हटलं. "आकडा चुकत होता म्हणून."

"तू काडलंस?" त्यांनी पुन्हा विचारलं. सवयीनेच विचारलं असेल, पण त्या दुसऱ्या वेळी हो म्हणायला मला तोंड उघडता आलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. 'सातेरी' त्यांच्या घरची बोट. ती चालवणारा तांडेल म्हणजे धाकटा भाऊ, जनू. कॉम्प्युटर नवा आला होता तेव्हाची गोष्ट. त्या पहाटे मास्तरांना ताप होता आणि ऑफिसात शिपायाशिवाय कुणी नव्हतं. जनूने थट्टेथट्टेत एका बोटाने स्वतःच आपल्या बोटीची फाईल केली. मास्तरांनी घरून फोनवर एकेक अक्षर सांगितलं. फाईलमध्ये काहीतरी लिहावं लागतं, म्हणून जनूने इंग्रजी अक्षरांत 'येतंय' असं लिहिलं. पाच अक्षरं. बोट आणि तिच्यावरचे तिघेही पुन्हा दिसले नाहीत. एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. बरोबरचे दोघे आरोंद्याकडचे. त्यांच्या घरच्यांनी वर्षभरात त्यांचे दिवस केले. इंदूवैनींनी केले नाहीत. भावजींच्या यादीत बोट बाहेर आहे, तर मी कुंकू कशाला पुसू, असं त्या म्हणाल्या. पुढे आकडा चुकतो म्हणून चेअरमननी ते नाव काढायला लावलं. मास्तरांनी ते पुसण्याऐवजी लपवलं. जगाला खरा आकडा मिळत राहिला आणि वैनींना खिडकीतून मिळणारं उत्तरही खोटं ठरलं नाही. कारण यादीत जे आहे तेवढंच मास्तर सांगत, आणि यादीत बोट होती.

मी रडायला लागले. म्हटलं, आत्ता करते, मास्तर, पुन्हा त्याच नावाची फाईल करते.

"आजची तारीख पडतली," ते म्हणाले.

मशीनचं घड्याळ मागे करता येतं, मी म्हटलं. तोच दिवस, तीच वेळ, मिनिटसुद्धा तेच लावते. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तारमास्तराक खोटी येळ घालूक सांगतस? तां माझ्या हातचां न्हय, बाय. तां तेच्या हातचां होतां."

झेडवरून पुसलेली फाईल कचऱ्याच्या डब्यात जात नाही, ती कायमची जाते, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. परीक्षेत त्याचं उत्तर मी बरोबर लिहिलं होतं. तरी कुडाळच्या माणसाला पुन्हा बोलावलं. आतल्या मशीनवर त्याने दिवसभर काय काय केलं. संध्याकाळी म्हणाला, फाईल एवढीशी, आणि त्यानंतर तिथे बोटींच्या फायली आल्या नि गेल्या, तिच्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलं असणार. मास्तरांनी त्याला विचारलं, "नाय मिळणार?" तो नाही म्हणाला. मास्तरांनी पुन्हा विचारलं.

महिनाभरात वैनींनी दर्भाचा पुतळा करून नवऱ्याचे दिवस केले. कपाळ मोकळं झालं. त्या लिलावाला येत राहिल्या, पण मागच्या खिडकीशी पुन्हा आल्या नाहीत आणि मास्तरांशी बोलणं बंद झालं. वाडीत लोक बोलू लागले. थोरल्याने धाकट्याचं नाव स्वतःच्या हाताने पुसलं, इतकी वर्षं ठेवलं आणि आता कंटाळला. कुणी म्हणालं, घराच्या वाटणीसाठी केलं असेल. हे मास्तरांच्या तोंडावरही बोललं गेलं. मी काउंटरवर बसून ऐकत होते. मास्तरांनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. ते घेत नाहीत हे पाहून मीही गप्प राहिले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ती फाईल पुसणं, असं मी बरीच वर्षं समजत होते. खरं म्हणजे त्याहून वाईट होतं ते हे गप्प राहणं.

एकदाच मी त्यांना म्हटलं, मी वैनींना सांगते. ते म्हणाले, "नको. तू घाटावरची, तुका हंय ऱ्हवूचां आसा. माका काय, मी हयलोच." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "माझ्या हातान झालां नसतां. तुझ्या हातान झालां. बरां झालां काय वायट, तां माका इचारू नको."

त्यानंतर मास्तर डिर एकदाच मारू लागले. चहा सांगितला का, हेही एकदाच विचारत. वर्षभरात त्यांनी काम सोडलं. आतली खोली, खोडरबर आणि ती यादी माझ्याकडे आली. अधूनमधून संध्याकाळी मी त्यांच्या घरी जात असे. ते पडवीत बसलेले असत आणि विचारत, "आज किती भायर?" मी आकडा सांगे. ते मान हलवत आणि दुसरा प्रश्न येत नसे. मी मात्र दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसे.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळी बंदी उठून बोटी निघाल्या त्याच आठवड्यात, ते गेले. स्मशानात वाडीतली मोजकीच माणसं होती. ज्यांनी त्यांना बोल लावले होते तीच खांदा द्यायला होती.

त्यांचे दिवस झाल्यावर एका सकाळी मागच्या खिडकीशी पाटी टेकल्याचा आवाज आला. इंदूवैनी होत्या. केस पांढरे झालेले. नजर खाली नव्हती, कारण समोर भावजी नव्हते. त्यांनी बांगडा मासळीचा वाटा केळीच्या पानात बांधून खिडकीत ठेवला. त्यांनी काही विचारायच्या आतच मी इतकी वर्षं गिळलेलं सगळं बोलून टाकलं. "वैनी, ती फाईल मी काढली. मास्तर त्या दिवशी वेंगुर्ल्याला होते. त्यांनी काही केलं नाही. लोक बोलले ते सगळं खोटं. मी सांगायला हवं होतं."

"माका म्हायत आसा," वैनी म्हणाल्या.

"मास्तरांनी सांगितलं?"

"ते कित्याक सांगतले? त्या दिवशी दुसऱ्यांदा बघताना तेंनी एकेका नावाखाली बोट फिरवल्यानी. मी हंय उभी होतंय. आपणच काडलेलां असतां तर माणूस असां सोदीत काय?"

मग मी विचारलं, "सगळं ठाऊक होतं तर मग एवढी वर्षं त्यांच्याशी बोलला का नाहीत?"

वैनींनी पाटीची चुंबळ डोक्यावर नीट बसवली.

"बोललंय असतंय तर इचारलंय असतंय गो. रोजची सवय ती, तोंडातसून भायर इलीच असती. आणि मी इचारलां असतां तर तेंका परत एकदा नाय म्हणूचां लागलां असतां."

पाटी उचलून त्या तारकर्लीच्या रस्त्याला लागल्या. वैनी वळणापर्यंत जाईस्तोवर मी खिडकीत उभी होते. मग आत येऊन बसले आणि डिर मारला. सतरा बोटी बाहेर होत्या. पुन्हा मारला. सतराच होत्या.